तीन नंबरची वायर

बोरसेबाईंची फियाट सपाटीला नीट चालते,
लळिंगच्या चढाला मात्र आचके देते.
"दम तोडस रे भाऊ,
ट्रकवाला मांगून हॉर्न वाजाडतस," बाई म्हणाल्या
आणि पत्र्याच्या सावलीत स्टूल ओढून बसल्या.
किल्ली दिली, गाडी सोडून गेल्या नाहीत.

धुळ्यात, चाळीसगाव रोडला, मे महिन्यात
बॉनेट फडक्यानं धरूनच उघडावं लागतं.
चारही प्लग काढून चिंधीवर ओळीनं मांडले.
एक, दोन, चार : भाजलेल्या बिस्किटाचा रंग.
तीन : काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा.
"हाईच ना?"
असेल. पण प्लग पुष्कळदा दुसऱ्याचं दुखणं सांगतो.
तीनचा एकात घातला, एकचा तीनात,
पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन आलो.
पुन्हा काळा निघाला तो तीनातलाच.

कॉईल तर चौघांची एकच.
तिचा दोष असता तर चौघंही उपाशी राहिली असती.
तरी मीटर लावलं, कारण लतीफ पिंजारी,
ज्यांच्याकडे मी नऊ वर्षं पाने पुसले,
म्हणायचे, जिथं शंका नाही तिथं आधी बघ.
तीन ओहम. मग आठ हजार. बरोबर.
पॉइंटवर बारीक निळा खड्डा होता, घासला.
सोळाचा पत्ता फटीतून
किंचित अडखळत निघायला हवा,
वहीच्या पानांतून जुनी नोट ओढावी तसा.
निघाला.
कंडेन्सर बदलून पाहिला. फरक शून्य.
डिस्ट्रिब्युटरची टोपी उन्हात धरून आतून न्याहाळली :
कोळशाची केसाएवढी रेघसुद्धा नाही.
रोटर शाबूत.
राहिल्या वायरी. तीन नंबरच्या दोन टोकांना मीटर,
आणि मीटर म्हणालं, अखंड.

मी हात पुसले. संध्याकाळ होत आली होती.
बाईंनी सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं,
आणि आता पहिल्यांदा त्या प्रमाण मराठीत बोलल्या,
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं बोलल्या असतील तशा :
"तुटलेली तार आम्हांला लगेच सापडायची.
अखंड असून गळणारी, तिचा त्रास.
तिचं अर्धं बोलणं भलत्याच घरी ऐकू जायचं.
ती आम्ही रात्री शोधायचो, गाव गप्प झाल्यावर."

रात्री.
माझ्या डोक्यात उशिरा पडलं. नऊ वर्षं पाने पुसून.

आठ वाजता शटर अर्धं ओढलं, मागचं दार उघडं,
बल्ब बंद. शेजारच्या सलूनमधून
पाण्याची फवाऱ्याची बाटली आणली.
इंजिन सुरू केलं. वायरींवर धुकं मारलं.
आधी काहीच नाही, फक्त चौघांतला एक लंगडत होता.
मग ब्लॉकजवळ, क्लिपखाली,
निळा धागा.
गेला. आला. टिक्, टिक्,
सिलेंडरकडे निघालेली ठिणगी
वाटेतच लोखंडाच्या घरी शिरत होती.
"आते देख," बाई कुजबुजल्या,
जणू मोठ्यानं बोललं तर ती लपेल.
आम्ही दोघं ती जरुरीपेक्षा जास्त वेळ बघत राहिलो.

बल्ब लावल्यावर भेग दिसेना.
वायर वाकवली तेव्हा
रबरानं बारीक तोंड उघडलं.

नवी वायर, एक प्लग, मजुरी.
बाईंनी बिल डायरीत उतरवलं
आणि विचारलं, "अंधाराचे?"
मी म्हटलं, ते तुमचेच, वजा धरा.

गुरुवारी फोन आला. पलीकडे कुणी बोलेना.
नुसता वारा, आणि फियाट,
लळिंगच्या माथ्यावर, न्यूट्रलला, चारही पायांवर उभी.
बाईंनी फोन बॉनेटवर धरला असणार.
मी पाना खाली ठेवला, दुसरा कान बोटानं बंद केला,
नीट ऐकलं.
"टॅपेट वाजतोय," म्हटलं. "मंगळवारी आणा."
"माले वाटनंच," बाई म्हणाल्या,
आणि लाईन सवयीच्या हातानं कापली.